बटणाच्या आधीचे चौदा सेकंद

भूषण वाकचौरेचा उजवा पाय बावीस वर्षं दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत बसला होता.

संगमनेरात त्याचं ड्रायव्हिंग स्कूल. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंग धरून बसणार, भूषण डावीकडे, आणि त्याच्या पायाखाली त्याचा स्वतःचा वेगळा ब्रेक. आता गाड्या आपल्या आपण पळायला लागल्या होत्या, त्यामुळे शिकायला येणारे निम्म्याने घटले. पण घाटात अजून माणसानेच चालवायची असा नियम होता, म्हणून स्कूल तग धरून होतं.

भूषणचं एक ठरलेलं लेक्चर होतं. पहिल्याच दिवशी द्यायचा.

"किंचाळणाऱ्या पोराची मला भीती नाही. किंचाळतो तो अजून जागेवर असतो. पण जो बडबड करता करता एकदम गप्प होतो ना, समोर बघत बसतो, तो गाडी घालणार कुठंतरी. तो गप्प झाला की मी ब्रेक दाबतो. विचार नाही करत. दाबतो."

बावीस वर्षांत एकही अपघात नाही. भिंतीवर तसं रंगवून घेतलं होतं त्याने.

त्याला एकच मुलगी, ओवी. पंधराव्या वर्षापर्यंत सगळं नीट होतं, म्हणजे निदान तसं वाटत होतं. मग दहावीच्या वर्षात काहीतरी बिनसलं. कारण सगळ्यांनी शोधलं. मोबाईल झाला, मैत्रिणी झाल्या, अभ्यास झाला, भूषणचा तापटपणा झाला, तिची आई रूपाली नगरपालिकेत दिवसभर नोकरीला असते तेही झालं. बोट ठेवावं असं एक काही सापडलं नाही. चांगली हसत जेवत असायची आणि अचानक तिचे हात गार पडायचे. श्वास अडकायचा. मग रडणं, मग भिंतीवर मुठी. घरात त्याला सगळे 'वादळ' म्हणायला लागले.

एकदा वादळात ती अनवाणी घराबाहेर पळाली, थेट बायपासवर. समोरून आलेला बिनड्रायव्हरचा ट्रक तिच्यापासून चार फुटांवर थांबला.

"माणूस चालवत असता तर थांबला नसता," भूषण रूपालीला म्हणाला. आयुष्यभर माणसांना गाडी शिकवलेल्या बापाच्या तोंडून हे निघालं. त्यानंतर आठ दिवस त्याला धड जेवण गेलं नाही.

मग नाशिकच्या डॉक्टरांनी टिकली लावून दिली.

खरं नाव लांबलचक होतं, पण कपाळावरच्या टिकलीएवढी असते म्हणून लोक टिकलीच म्हणायचे. कानामागे चिकटवायची. डॉक्टरांनी भूषणला त्याच्याच भाषेत समजावलं. माणसाचं हृदय मोकळं सोडलं तर मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतं. ते सत्तरवर राहतं, कारण मेंदूकडून निघालेली एक नस त्याला सतत मागे ओढून धरते. व्हेगस तिचं नाव. शरीराचा ब्रेक म्हणजे ही नस. घाबरलं की ब्रेक सुटतो, भीती सरली की परत लागतो. ओवीचा ब्रेक सुटतो, पण परत लागत नाही. या नसेचा एक फाटा कानाशी येतो. टिकली तिथं अंगाला कळतही नाही असा बारीक विजेचा ठोका देते आणि ब्रेक बाहेरून लावते. वीस सेकंदांत माणूस शांत.

"आणि ठोका द्यायचा कधी?" भूषणने विचारलं.

"ते तुम्ही ठरवायचं. ती अठराची होईपर्यंत पालकाच्या हातात." डॉक्टरांनी त्याच्या हातात एक छोटं बटण ठेवलं. "पण जपून. अगदी गरज असेल तेव्हाच."

भूषणला हसूच आलं. ब्रेक कधी दाबायचा हे त्याला सांगतायत.

पहिल्या महिन्यात बटणाने चमत्कार केला. वादळ उठलं की दाबायचं, ओवी शांत. घरात पुन्हा टीव्ही लागला, पाहुणे आले. मग भूषण वादळ उठायच्या आधीच दाबायला लागला. तिचा आवाज चढला, दाब. डोळे भरले, दाब. रूपालीने मात्र बटणाला हात लावायचा नाही असं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

"का पण?"

"अहो, ती माझ्याकडे बघत होती रडत, आणि मी खिशात हात घालून दाबलं. तिचं रडणं गेलं. पण तिचं बघणं पण गेलं ना."

एका दुपारी ओवी बापाशी भांडत होती. मैत्रिणींबरोबर भंडारदऱ्याला जायचं होतं. भूषण नाही म्हणाला. ती म्हणाली, सगळ्यांचे बाप पाठवतायत, तुम्हीच तेवढे. भूषण म्हणाला, सगळ्यांच्या बापांनी काय बघितलंय. ती म्हणाली, "तुम्हाला ना मी आजारी असलेलीच..." आणि थांबली. खांदे खाली आले. चेहरा पुसल्यासारखा झाला.

भूषणचा हात खिशात होता.

"पप्पा," ती सपाट आवाजात म्हणाली, "मला काही झालं नव्हतं. मी भांडत होते फक्त."

दीड वर्षानंतर डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवला. बटण दिवसाला सरासरी अकरा वेळा दाबलं गेलं होतं. आणि ओवीच्या शरीराचा स्वतःचा ब्रेक, जो आधी थोडा तरी लागायचा, तो आता लागायचाच बंद झाला होता. वापर नाही म्हणून. पाय प्लास्टरमध्ये राहिला की बारीक होतो, तसं.

म्हणून ते शबनम अत्तारकडे आले.

अकोले रस्त्याला एका बंद पडलेल्या वीटभट्टीवर शबनमचं केंद्र होतं. भट्टी बंद झाली तशी तिथली गाढवं बेवारस झाली, शबनमने ती ठेवून घेतली. आठ गाढवं, सहा मुलं, आणि मुलांबरोबर एकवीस दिवस राहायला आलेले आईबाप. सगळ्यात म्हातारं गाढव करड्या रंगाचं, एक कान फाटलेला. मुलांनी त्याचं नाव कलेक्टर ठेवलं होतं, कारण ते कुणाचंच ऐकायचं नाही आणि त्याच्यासमोर सगळे आपोआप हळू बोलायचे.

"गाढवच का?" भूषणने विचारलं. "घोडा तरी ठेवायचा. दिसायला बरा."

"घोडा घाबरला की पळतो, भूषणभाऊ. त्याच्यामागे मूलही घाबरतं. गाढव घाबरलं की थांबतं. उभं राहतं, बघतं, मग ठरवतं. वर्षानुवर्षं लोकांनी त्यालाच मूर्खपणा म्हटलंय." शबनम हसली. "आपल्या पोरांना तेच तर शिकायचंय. थांबून बघायचं."

सकाळी मुलं बसलेल्या गाढवाच्या बरगडीला पाठ टेकून बसायची. डोळे मिटून. गाढवाचा श्वास पाठीला कळतो, लांब आणि संथ. काही करायचं नाही, श्वास बदलायचा नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. दहा मिनिटांनी आपला श्वास आपोआप त्याच्या मागे चालायला लागतो. ठोके मोजायला शबनमने मुलांच्या छातीला बांधलेल्या पट्ट्यांवर ते दिसायचं. आधी श्वास, मग ठोके. जवळ कुणी न घाबरलेला जीव आहे एवढं शरीराला पटलं, की ब्रेक आपला आपण लागायला बघतो. पटणं महत्त्वाचं. न पटलेलं शरीर शांत होत नाही.

आईबापांची बैठक वेगळी. चाळीस मिनिटं हात उताणे मांडीवर ठेवून बसायचं, रिकामे. भूषणला ते सगळ्यात अवघड गेलं. रूपाली शनिवार-रविवार यायची, ती मस्त बसायची. भूषणचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

"काय हो, गाडी कुठं निघाली?" शबनम मागून विचारायची. सगळे हसायचे. ओवीसुद्धा.

नियम एकच होता. एकवीस दिवस बटण दाबायचं नाही. ते काढून घेता येत नव्हतं, कायद्याने ते पालकाच्या अंगावरच पाहिजे. पण दाबायचं नाही. शबनमने समजावलं होतं, "या दिवसांत एक मोठं वादळ येणार. येऊ द्या. त्यातून ती एकदा स्वतःच्या पायांनी खाली उतरली पाहिजे. एकदाच. शरीराला एकदा वाट सापडली की पुढच्या वेळी ते ती शोधतं. आणि ती उतरत असताना तुम्ही दाबलंत, तर शरीर शिकणार की वाट बाहेरूनच येते."

सतराव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, वादळ आलं.

निमित्त साधं. कुणाच्या तरी हातातून पत्र्याची बादली पडली. ओवी कलेक्टरला खरारा करत होती, तिचा हात थांबला. मग श्वास अडकला. मग ती खाली बसली आणि ओरडायला लागली. भूषण दहा पावलांवर होता. शबनमने त्याला हातानेच बस म्हणून सांगितलं. तो बसला. हात उताणे.

ती ओरडत होती. मातीवर मुठी मारत होती. "पप्पा!" एकदा म्हणाली. भूषणच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, पुसायला त्याने हात उचलला नाही. चार मिनिटं. पाच. कलेक्टर तिच्या शेजारी उभा. पळाला नाही, जवळही गेला नाही. कान तिच्याकडे. सात मिनिटं. ओरडून ओरडून तिचा आवाज फाटला होता. भूषण मनात म्हणत होता, ओरडतेय ना, म्हणजे जागेवर आहे. ओरड बाळा.

आणि ती गप्प झाली.

एकदम. ओरडणं मध्येच तुटलं. मुठी थांबल्या. ती समोर बघत बसली, डोळे उघडे, पापणी हलत नाही.

भूषणने विचार केला नाही. बावीस वर्षं त्याने या क्षणाला विचार केला नव्हता. हात खिशात गेला आणि अंगठा दबला.

काही सेकंदांनी ओवीने मोठा श्वास सोडला. तोल सावरायला कलेक्टरच्या पुढच्या पायाला धरलं. मान वळवून बापाकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. असं हसू भूषणने दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

"पप्पा! मी उतरले! माझी मी!" ती धडपडत उठली. "मला कळलं पप्पा, आतून कळलं, कसं सांगू, जिना सापडल्यासारखं..." मग तिचा चेहरा एकदम बारीक झाला. "तुम्ही दाबलं नाही ना?"

भूषणसमोर ते हसू होतं. अजून पुरतं गेलेलं नव्हतं.

"नाही गं," तो म्हणाला. "हातसुद्धा लावला नाही."

ती त्याच्या गळ्यात पडली.

दुपारी शबनमने त्याला ऑफिसात बोलावलं. पडद्यावर आलेख होता. ठोक्यांची रेघ डोंगरासारखी चढलेली, मग वळलेली, मग उतरलेली. उताराच्या सुरुवातीला एक हिरवी खूण, जरा पुढे एक लाल.

"लाल म्हणजे तुम्ही दाबलंत तिथं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच भूषणला जड गेलं. "आणि हिरवी म्हणजे जिथून ती स्वतः उतरायला लागली. मध्ये चौदा सेकंद आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे ती गोठली नव्हती, भूषणभाऊ. ती गप्प झाली ती वाट सापडली म्हणून. पोरगी खरं बोलतेय. ती स्वतःच उतरली. तुम्ही दाबलं नसतं तरी उतरली असती."

भूषण खुर्चीत खाली सरकला.

"मग झालं की. मग काय बिघडलं?"

"शरीराचं फार नाही बिघडलं, नशीब समजा. तिचा स्वतःचा ब्रेक आधीच लागत होता, म्हणून या वेळी चेहरा कोरा झाला नाही. पण तुम्ही तिला नाही म्हणालात, मी ऐकलं. आज सांगा तिला. हा आलेख दाखवा, दाबलं म्हणून सांगा, चौदा सेकंद सांगा. आज सांगितलंत तर तिला पटेल. उद्या थोडं कमी पटेल."

"तुम्ही सांगा ना."

"तिने मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण ती मला विचारणार नाही. तिने तुम्हाला विचारलंय."

भूषण बाहेर आला. ओवी बाकीच्या मुलांना सांगत होती, हातवारे करून. कुणीतरी म्हणालं, कलेक्टरला पेढा द्या. ती खळखळून हसली. भूषण मनाशी म्हणाला, आज नको. आज तिचा दिवस आहे. उद्या सांगू.

पुढचे चार महिने त्या घराने बघितलेले सगळ्यात चांगले महिने होते. वादळं आली, पण ओवी खाली बसायची, डोळे मिटायची, आणि उतरायची. कधी दहा मिनिटांत, कधी सहा. भूषणने एकदाही बटण दाबलं नाही. ती बाहेरून बारावीचा फॉर्म भरून आली. भंडारदऱ्याला जाऊन आली. रविवारी केंद्रावर जाऊन नवीन मुलांना सांगायची, "घाबरू नका रे, वाट असते आत. मला सापडली तर तुम्हाला का नाही सापडणार?"

रूपालीला भूषणने सगळं सांगितलं होतं. ती रोज एकच विचारायची, "सांगितलंत?"

"बारावीचा फॉर्म भरून होऊ दे."

"सांगितलंत?"

"दिवाळी होऊ दे. सणाचं कशाला?"

"अहो, जानेवारीत ती अठराची होणार. सगळं तिच्या हातात जाणार. यादीसकट."

भूषणला ते माहीत होतं. अठरा पूर्ण झाले की टिकलीचा ताबा ज्याचा त्याला मिळतो, आणि आजवर कधी कधी बटण दाबलं त्याची पूर्ण नोंदही मिळते. त्याने स्वतःला समजावलं, हजारो नोंदी आहेत. पोरगी कशाला बघत बसेल? टिकली काढून फेकून देईल आणि मोकळी होईल. तिने तसं बोलूनही दाखवलं होतं. "वाढदिवसाला केक नको मला. ऑफिसात जाऊ, ती टिकली काढू, आणि येताना भेळ खाऊ."

बारा जानेवारीला सकाळी अकरा वाजता दोघं आरोग्य नोंदणीच्या ऑफिसात गेले. रूपाली हाफ डे टाकून परस्पर भेळेच्या गाडीवर येणार होती.

खिडकीमागची मुलगी ओवीच्याच वयाची वाटत होती. तिने हसून शुभेच्छा दिल्या, ओवीच्या मोबाईलवर नोंद पाठवली आणि म्हणाली, "वाचून घे हं. मग सांग, काढायची, स्वतःकडे ठेवायची, की कुणाच्या नावावर करायची. तोपर्यंत बटण वडिलांकडेच चालू राहील."

"काढायचीच आहे," ओवी म्हणाली. तरी यादी उघडली. अंगठ्याने सरकवत गेली, हसत. "बापरे पप्पा, एका दिवसात एकोणीस वेळा? माझ्या सतराव्या वाढदिवसाला पण? केक कापताना काय केलं होतं मी?" ती खाली खाली जात राहिली. नोंदी विरळ झाल्या. मग रिकामी जागा. केंद्रावरचे दिवस.

आणि मग एक ओळ.

ओवीचा अंगठा थांबला.

"सतरावा दिवस," ती म्हणाली. "दहा अडतीस."

"ओवी, ऐक. मी सांगणारच होतो."

"तुम्ही नाही म्हणाला होतात."

"हो, पण त्यात एक आहे, ऐक तर. तू आधीच उतरायला लागली होतीस. मी दाबायच्या चौदा सेकंद आधी. शबनम मॅडमकडे आलेख आहे. तू स्वतः उतरलीस. देवाशप्पथ."

ओवीने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. ओळख पटवून घ्यायची असल्यासारखं.

"चौदा सेकंद," ती म्हणाली. "आत्ता आठवले?"

"खरं सांगतोय गं."

"तेव्हा पण खरंच सांगत होतात." तिचा आवाज कापायला लागला. "मग नंतरचं? दिवाळीतलं? भंडारदऱ्याचं? तेव्हा कोण होतं?"

"तूच! बघ ना, यादीत नाहीयेत ते."

"यादी तुम्ही बदलली नसेल कशावरून?"

"यादी कुणालाच बदलता येत नाही," खिडकीमागची मुलगी म्हणाली. पण ओवीपर्यंत ते पोचलं नाही. तिचे हात गार पडत होते. भूषणला ते न धरताच दिसत होतं. ती खाली बसली, ऑफिसच्या फरशीवर, डोळे मिटून. सवयीने. ओठ हलत होते. ती वाट शोधत होती.

भूषण तिच्यासमोर बसला. हात उताणे केले, मांडीवर ठेवले, रिकामे. या वेळी पाय हलला नाही. चार महिन्यांत तो खरंच शिकला होता. फॉर्म भरायला आलेली माणसं बाजूला सरली. पाच मिनिटं. आठ. तिचा श्वास चढतच होता. ती ओरडायला लागली. भूषण हलला नाही. दहा मिनिटं. तो तिच्या गप्प होण्याची वाट बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी गप्प व्हावं म्हणून तो देवाला विनवत होता. ती गप्प झाली नाही.

शेवटी भूषणने शबनमला फोन लावला. ती म्हणत होती, "थांबा, तिला वेळ द्या, येईल." पंधरा मिनिटं. ओवीच्या ओठांवर निळसर छटा आली.

"नाहीये आत काही," ती हुंदक्यांतून म्हणाली. "कधीच नव्हतं. दाबा, पप्पा."

"तू करू शकतेस बाळा. चार महिने तूच..."

"दाबा ना!"

त्याने दाबलं.

वीस सेकंद. खांदे खाली आले. चेहरा कोरा झाला. ओवी उठली, ड्रेसची धूळ झटकली, ओढणीने तोंड पुसलं आणि खिडकीशी गेली.

"ताबा वडिलांच्या नावावर करायचा," ती म्हणाली.

खिडकीमागची मुलगी गोंधळली. तिने एकदा भूषणकडे बघितलं. "अगं, आज घाई नको करूस. वर्षाच्या मुदतीवर पण करता येतं. नंतर बदलता येईल. कायमचं केलं तर परत तुला..."

"कायमचं."

"ओवी, नको," भूषण म्हणाला. "मला नकोय ते. मी घेणार नाही."

"मग कुणाला देऊ, पप्पा? मला नाही येत ते." ती शांतपणे म्हणाली, शेजारणीला निरोप सांगावा तसं.

फॉर्म आला. तिने सही केली. खाली वडिलांचा अंगठा हवा होता. भूषणने नाही नाही म्हणत हात मागे घेतला, तिने तो धरून पुढे आणला. त्याचा हात इतका थरथरत होता की मशीनला ठसा वाचता येईना. एकदा, दोनदा लाल दिवा लागला. तिसऱ्यांदा ओवीने त्याचा अंगठा आपल्या दोन बोटांत पकडला आणि काचेवर दाबून धरला.

तिचा हात अजिबात हलत नव्हता. हिरवा दिवा लागला.